तिसरीची ओळ

त्या टेबलाला चार बाजू होत्या आणि चार बाजूंना चार बायका. कोटांची काजं करायच्या. नावं चौघींनाही होती, आईबापांनी हौसेने ठेवलेली, पण शिवणदुकानाच्या मागच्या खोलीत ती कुणी वापरली नाहीत. ज्या क्रमाने कामाला लागल्या त्या क्रमाने बसल्या, आणि तेच नाव पडलं: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. तिसरीचं लग्न ठरलं तेव्हा नवरामुलगा दुकानमालक मास्तरांना भेटायला दुकानात आला होता. चौथीने हातातल्या काजावरून मान वर न करता त्याला विचारलं, "तिसरी करताय ते ठीक आहे, पण आधीच्या दोघींचं काय केलंत?" बिचारा घामाघूम झाला. पुढे जन्मभर ही गोष्ट तोच चारचौघांत सांगायचा आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचाही तोच.

आता तो नाही. मास्तर नाहीत, दुकान नाही, पहिलीही नाही. तिसरी आहे. सातव्या मजल्यावर मुलाच्या घरी, खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसलेली आहे. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, सुई टोचू नये म्हणून घालायच्या अंगुस्तानाचा वळ अजून आहे. अंगुस्तान कधीच कुठल्याशा डब्यात गेलं, पण बोट त्याची जागा राखून बसलंय.

त्या टेबलाची एक रीत होती. हाताने काज करायचं म्हणजे घाईचं काम नाही. आधी कापडाला चीर द्यायची, मग चिरेच्या कडेने दोरा पळवायचा, मग मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने एकाला एक चिकटून टाके घालत जायचं, आणि शेवटी गाठ. चौघींचा हात सारखा चालावा म्हणून पहिलीने गाणं लावून दिलं होतं. काजाचे चार टप्पे, गाण्याच्या चार ओळी. चीर द्यायची ओळ पहिलीची, कडेची दुसरीची, टाक्यांची तिसरीची, गाठीची चौथीची. एकीने आपली ओळ म्हणायची आणि मग सगळ्यांनी मुकाट्याने तेवढं काम करायचं. सगळ्यांत सावकाश हात ज्या बाईचा असेल तिचं होईपर्यंत पुढची ओळ कुणी उचलायची नाही. त्यामुळे कुणी मागे राहिली नाही, आणि कुणी पुढे पळून शहाणीही ठरली नाही. मास्तर बाहेरच्या खोलीत कापड बेतत बेतत म्हणायचे, "माझ्या दुकानाला घड्याळ नको. ह्या बायका आहेत."

ओळी अशा गुंफलेल्या होत्या की आधीची ओळ ज्या शब्दावर टेकायची, तोच शब्द उचलून पुढची निघायची. तोही पहिलीचा विचार. कारण काज करताना डोकं टाके मोजण्यात गुंतलेलं असतं. कान उरतो तो एका शब्दापुरता. तो शब्द कानावर पडला की आपली ओळ आपोआप ओठांवर यायची, पाण्याच्या नळाखाली घागर सरकवावी इतकी सहज. आणि एकीची ओळ बाकीच्या कुणी म्हणायची नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालावा तसं ते दिसलं असतं. तिसरी बाळंतपणाला गेली होती तेव्हा तिची ओळ तशीच मोकळी ठेवली होती. गाणं तिथे यायचं, गप्प उभं राहायचं आणि मग चौथी पुढे न्यायची. "दात पडल्यावर जीभ सारखी तिथेच जाते ना," चौथी नंतर म्हणाली होती, "तसं व्हायचं बाई. लवकर ये म्हणावं, तर हिचं आपलं बाळंतपणच चाललेलं."

पुढे काजाचं यंत्र आलं. खटखट करून एका दमात काज पाडायचं. टेबल भिंतीला लागलं, मग विकलं गेलं. चौघी चार दिशांना गेल्या, तरी टेलिफोन होता, सणासमारंभाला भेटी होत्या, आजारपणाला धावणं होतं. एकमेकींच्या घरी गेल्या की बसताना आपसूक त्याच क्रमाने बसायच्या.

*

तिसरीचा नवरा गेला आणि मुलाने तिला आपल्याकडे आणलं. चांगला मुलगा. सूनही चांगली, कामाची, तोंडाने फटकळ पण मनात काही न ठेवणारी. घरात उजेड भरपूर, लिफ्ट दाराशी. पण लिफ्टने खाली जाऊन करायचं काय? ओळखीचं कुणी नाही. गुडघा आधीच कुरकुरायचा, तो बसून बसून आणखी आखडला. गुडघा आखडला म्हणून बाहेर जाणं थांबलं, बाहेर जाणं थांबलं म्हणून रात्रीची झोप उडाली, झोप उडाली म्हणून दिवसा डोकं जड. डाव्या कानाने ऐकू कमी येऊ लागलं होतंच. जेवायच्या टेबलावर सगळे हसले की तीही हसायची, थोडी उशिरा, आणि कशाला हसलो ते न कळून ताटाकडे बघत राहायची. भूक मेली. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि ती समोर उभी असून तिच्या लक्षात आलं नाही.

मग एका पहाटे, डोळे मिटूनच पडली असताना, तिला वाटलं गाणं म्हणून बघावं. सहजच. मनात म्हणायला लागली: कापडाच्या... कापडाच्या काय? काहीतरी हिरवं होतं. रान? मग पुढे? पुढे नुसतं पांढरं. स्वतःची ओळ तरी यावी, तीही येईना. ज्या ओळीवर उभं आयुष्य काढलं तिचं टोकच हाताला लागेना. रिळाचा दोरा आत घुसून बसतो आणि नखाने कितीही कुरतडलं तरी सुटा होत नाही, तसं झालं.

त्या दिवसापासून तिने ती आपली परीक्षाच ठरवून टाकली. रोज डोळे उघडायच्या आधी गाणं म्हणायचं. आलं तर आपण आहोत. नाही आलं तर आपण चाललो. एकदाही आलं नाही. आणि ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही.

मुलगा डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाई तरुण होत्या, मऊ बोलणाऱ्या. "आजी, मी तीन वस्तू सांगते, लक्षात ठेवायच्या हं. खुर्ची, लिंबू, किल्ली." तिसरीला दुसरी वस्तू नीट ऐकूच आली नाही, पण पुन्हा विचारायची लाज वाटली. नंतर विचारलं तेव्हा तिने नुसती किल्ली सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं विस्मरण दिसतंय. पण ह्यात झोप, कान आणि मन ह्यांचा वाटा किती, ते आत्ता सांगता येणार नाही. कान तपासून घ्या, रोज चालायला न्या, जुन्या माणसांत मिसळू द्या, सहा महिन्यांनी परत बघू. तोवर काळजी घ्या." तिसरीने पहिलं वाक्य ऐकलं. मुलाने शेवटचं. मधलं कुणी ऐकलं नाही.

काळजी घ्यायची म्हणून मुलाने गॅसची बटणं काढून ठेवली. कात्री आणि सुयांचा डबा वरच्या फळीवर गेला. भाजी, औषधं, सगळं घरपोच यायला लागलं. "आई, तू आता काही करायचं नाहीस," तो मायेने म्हणाला. आणि ती खरंच काही करेनाशी झाली.

चौथीचे फोन यायचे. आधी तिसरी उचलायची, मग एकदा बोलता बोलता तिला मास्तरांच्या बायकोचं नाव आठवेना, आणि चौथी म्हणाली, "काय गं, भुललीस की काय?" थट्टेनेच म्हणाली. पण तिसरीच्या काळजात ते सुईसारखं गेलं. उद्या हिला गाण्याचं कळलं तर? त्यानंतर फोन वाजला की ती सुनेला हाताने खुणावायची: झोपलेय म्हणून सांग. सून सांगायची. महिने गेले. मग फोन यायचे थांबले, आणि तिसरीला बरंही वाटलं, तरी दुपार झाली की ती फोनकडे बघायची.

*

फोन आला तो दुसरीच्या लेकीचा. सूनबाईने फोन उचलला, ऐकलं, आणि खुर्चीशी येऊन तो सरळ सासूच्या उजव्या कानाला लावला.

"मावशी, मी बोलतेय. आईला झटका आला होता. आता घरी आणलंय. उजवी बाजू गेलीय आणि बोलणं बंद झालंय. कळतं सगळं, पण शब्द येत नाही. फक्त 'नाही, नाही' म्हणते. हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही."

"बरं," तिसरी म्हणाली.

"तुम्ही याल का? माणसं येतात, मोठ्याने बोलतात, आई बहिरी झाल्यासारखं. ती भिंतीकडे तोंड फिरवते. डावा हात मात्र चादरीवर चालू असतो. टाके घालते हो ती."

"माझा गुडघा, बाळ..." तिसरी म्हणाली. गुडघा पुढे केला खरा, पण मनात दुसरंच होतं. ती बोलू शकत नाही आणि मला काही आठवत नाही. आम्ही दोघी काय एकमेकींना दाखवणार?

"बरं, मग नुसता फोन धरते तिच्या कानाशी. तुम्ही काहीतरी बोला."

पलीकडे खुडबुड झाली आणि मग शांतता. श्वास ऐकू येत होता, थोडा घरघरणारा. तिसरीने तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरीही काही म्हणाली नाही, "नाही"सुद्धा नाही. आणि हळूहळू ती शांतता तिसरीच्या ओळखीची वाटायला लागली. टेबलावरची होती ती. एकीचं काम अजून व्हायचं आहे आणि बाकीच्या सुया वर धरून थांबल्यात, ती शांतता. पलीकडे कुणीतरी थांबलं होतं.

"येते गं," तिसरी म्हणाली.

संध्याकाळी मुलगा ऐकून वैतागला. "आई, तिथे जिना आहे. सरळ वर जाणारा, शिडीसारखा. पडलीस म्हणजे?"

"पडले तर तिथेच राहीन. तिथे माझी माणसं आहेत."

आईने किती दिवसांनी उलट उत्तर दिलं होतं. सूनबाई भांडी पुसत होती. ती म्हणाली, "मी नेते. मागून मी ढकलीन, पुढून दुसऱ्या मावशींची लेक ओढेल. तुमच्या आई आहेत, कपाट नाही, जातील वर."

*

जुनी गल्ली होती तिथेच होती. दुकानाच्या जागी चष्म्यांचं दुकान झालं होतं. काचेत कितीतरी चष्मे मांडलेले, त्यांच्यामागे डोळा एकही नाही. टॅक्सी तिथून हळू गेली तेव्हा तिसरीने मान वळवून मागच्या खोलीची खिडकी शोधली. खिडकी होती. तिच्यावर आता कसलीशी पाटी ठोकलेली. पण खालची चौकट तीच. त्या चौकटीवर चौघींचे डबे ओळीने असायचे, आणि दुपारचं ऊन पहिल्या डब्यापासून चौथ्या डब्यापर्यंत सरकलं की घरी जायची वेळ.

दुसरीचं घर पहिल्या मजल्यावर. जिना खरंच उभा. तिसरीने कठडा धरला, एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग श्वास. गुडघ्यात कुणी खिळा ठोकत होतं. मध्यावर ती थांबली. "परत जायचं का आई?" सुनेने विचारलं. तिसरीने नकारार्थी मान हलवली. बोलायला दम नव्हता.

दार उघडं होतं. खाटेवर दुसरी होती, आणि खाटेच्या पायथ्याशी, एका ढगळ कोटाला मांडीवर घेऊन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा लावून बसली होती चौथी. तिने वर बघितलं आणि पुन्हा सुईत डोळे घातले.

"आली का महाराणी," ती कोटाला म्हणाली. "फोन उचलायला हात नव्हता, जिना चढायला पाय बरे आले."

तिसरी दारातच उभी राहिली. सूनबाई पुढे होऊन म्हणाली, "मावशी, मी सांगायचे ना त्या झोपल्यात म्हणून. राग माझ्यावर काढा."

"तू गप. तू सांगितलेलं खोटं मला पहिल्याच दिवशी कळलं. दुपारची झोपायला ही काय मास्तर आहे? बस गं तिथे, उभी काय राहिलीस. आपली जागा कुठली तेही विसरलीस का?"

तो शब्द ऐकताच तिसरीचा चेहरा उतरला. ती दुसरीच्या उशाशी, डाव्या बाजूच्या खुर्चीत बसली. दुसरीने मान वळवली. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता, पण डोळे तेच, बारीक, काहीतरी खोडी काढून गप्प बसल्यासारखे. "नाही," दुसरी म्हणाली, आणि डावा हात पुढे केला. तिसरीने तो धरला. दुसरी डावखुरी, त्या हाताच्या मधल्या बोटावर तोच वळ. दोघींचे वळ एकमेकांना लागले.

लेक चहा घेऊन आली. पन्नाशीची, केसांत रुपेरी आलेली, दमलेली बाई. कधीकाळी हीच टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची. आई कामावर आणि घरी बघायला कुणी नाही म्हणून. "व्यायाम शिकवायला येणारा मुलगा सांगतो, बोलतं करा," ती म्हणाली. "मी काय काय करून बघितलं. वस्तू दाखवते, म्हणते, आई, पेला म्हण. ती म्हणते, नाही. मग दोघी रडतो."

चौथीने दोरा दाताने तोडला. "मी चार दिवस येतेय. बडबडतेय एकटीच. म्हटलं गाणं म्हणावं. पण सुरुवात कुणी करायची?" तिने तिसरीकडे बघितलं. "तू म्हण ना."

तिसरीने दुसरीचा हात सोडला, पदर सारखा केला, पुन्हा हात धरला.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"लाजतेस कशाला, इथे कोण परकं आहे?"

"लाजत नाही गं. येत नाही. गेलं." ती चादरीकडे बघत बोलत होती. "रोज पहाटे म्हणून बघते. कापडाच्या, एवढं येतं. पुढचं सगळं गेलं. माझी स्वतःची ओळ गेली. डोकं चाललंय माझं. म्हणून तुझा फोन घेत नव्हते. तू ओळखलं असतंस."

सूनबाईच्या हातातली कपबशी तशीच राहिली. रोज पहाटे ही बाई डोळे मिटून ओठ हलवत असते हे तिने पाहिलं होतं. तिला वाटायचं प्रार्थना चाललीय.

चौथीने कोट मांडीवरून काढून खाटेवर ठेवला. चष्मा काढला.

"पहिल्यापासून म्हणतेस?"

"हो."

"सगळं? एकटी?"

"हो तर."

"अगं बावळट," चौथी म्हणाली, पण आवाजात आता सुईचं टोक नव्हतं. "मला तरी कुठे येतं सगळं? पहिलीची ओळ तू जन्मात कधी म्हटली होतीस? तू मनात टाके मोजायचीस. मीही मोजायचे. तुझ्या ओळीचा शेवटचा शब्द कानावर पडला की माझी निघायची. तो पडलाच नाही तर मला काय कप्पाळ येणार? माझी ओळ विचार मला आत्ता. विचार."

"काय आहे?"

"ठाऊक नाही. काहीतरी मार, मार आहे त्यात. कुणाला मारायचंय देव जाणे."

तिसरीला हसायला यायला लागलं की रडायला, ते तिचं तिलाच कळेना. इतके महिने ती एकटीच्या घशातून चार बायकांचा आवाज काढायला बघत होती.

"पण मग पहिली नाही," ती म्हणाली. "आता सुरुवात कुणालाच येत नाही."

"हिला येत असेल," चौथीने दुसरीकडे हनुवटी केली. "पहिलीचा शब्द हिच्याच कानावर पडायचा. आणि हिचं तर..."

"नाही," दुसरी म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळं कळत होतं तिला.

लेक दाराशी उभी होती, ट्रे छातीशी धरून. खाली बघत म्हणाली, "मला येतं."

"काय येतं?"

"सगळं. चौघींचं. मी टेबलाखाली असायचे ना. मला टाके मोजायचे नव्हते." ती गोंधळली. "पण मी कधी म्हटलं नाही. माझं नव्हतं ते. पहिल्या मावशींची ओळ मी कशी म्हणू?"

चौथीने क्षणभर विचार केला. मग हात लांब करून कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि खाटेच्या मोकळ्या बाजूला, दुसरीच्या उजव्या हाताशी ठेवलं. पहिलीची बाजू ती.

"जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "बस. आणि नुसती तिची म्हण, आमच्यात लुडबुड करू नकोस."

लेक बसली. कोटाची बाही उगाच हातात घेतली. तिचा आवाज पहिलीसारखा नव्हता, पातळ होता, पण चाल तीच, दुपारच्या उन्हासारखी सरकत जाणारी:

*कापडाच्या रानामध्ये पाडली गं वाट...*

ती थांबली. खालून सायकलची घंटी ऐकू आली. पुढची ओळ ज्या बाईची होती तिच्यासाठी सगळ्या थांबल्या. दुसरीचा डावा हात चादरीवर चालत होता. टाका, टाका, टाका. मग हात थांबला, आणि त्या वाकड्या ओठांतून, ज्यांतून 'पेला' येत नव्हतं की 'पाणी' येत नव्हतं, थोडं अडखळत, पण शब्दाला शब्द लागून आलं:

*वाटेच्या गं दोन्ही अंगी रेशमाचा काठ...*

लेकीने तोंडावर हात दाबला. पण तिसरीने ते पाहिलं नाही. तिच्या उजव्या कानावर तो शब्द पडला होता. काठ. एवढाच. आणि तिने काही आठवलं नाही, शोधलं नाही. आतून कुणीतरी रिळाचं टोक अलगद हातात दिलं:

*काठावरी उभी कोण, पाय झाले ताठ...*

चौथी जणू दबा धरूनच बसली होती. तिने तिसरीच्या गुडघ्यावर चापट मारली:

*ताठू नको बाई आता, मार एक गाठ.*

"बघ," ती लगेच म्हणाली, "मार होतंच. मी म्हटलं नव्हतं?"

मग पुढचं कडवंही झालं. गाठीमध्ये बांधलंय कुणाचं गं नाव, असं लेकीने उचललं, आणि दुसरीने या वेळी जरा लवकर पुढे नेलं: नावाला त्या नाही गल्ली, नाही त्याला गाव. तिसरी 'गाव' उचलून निघाली, तिच्या शेवटच्या 'ठाव'वरून चौथीने सुईला धावायला लावलं. तिसऱ्या कडव्यात दुसरी दमली आणि तिची ओळ आलीच नाही. तेव्हा तिची जागा मोकळी ठेवली. कुणी भरली नाही. गाणं तिथे आलं, गप्प उभं राहिलं, आणि तिसरीने दुसरीच्या डोळ्यांकडे बघत बघत वाट पाहिली. शेवटी दुसरीने एक डोळा मिचकावला, आणि तिसरीची ओळ तेवढ्यावर निघाली.

नंतर लेकीने विचारलं, "आई, पाणी हवं?" दुसरी म्हणाली, "नाही," आणि पेल्याकडे हात केला. तसंच होतं सगळं. पण लेक या वेळी रडली नाही, आणि दुसरीने भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.

निघताना चौथीने कोटाकडे बोट दाखवलं. "कुणाच्या तरी आजोबांचा आहे. हौस आहे नातवाला, हाताचीच काजं हवीत. दोन झालीत, दोन राहिलीत. माझी नजर संध्याकाळी चालत नाही. गुरुवारी येशील?"

"माझा हात कापतो गं आता."

"माझाही कापतो. दोघींचा एकदम कापला की टाका सरळ पडतो."

*

घरी परतेपर्यंत गुडघा सुजला होता. मुलाने कपाळाला आठ्या घालत शेक दिला. "आता कुठे जायचं नाही हं," तो म्हणाला. सूनबाईने त्याला आत बोलावलं आणि काय बोलली कोण जाणे. थोड्या वेळाने तो स्टुलावर चढून फळीवरचा सुयांचा डबा काढताना दिसला. डबा आईच्या मांडीवर ठेवून नुसताच उभा राहिला, लहानपणी दुकानात आईला न्यायला आल्यावर दाराशी उभा राहायचा तसा. "कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतोय," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना. मी विसरलो."

"तूही?" तिसरी म्हणाली.

ती जेवली. डब्यात अंगुस्तान सापडलं, ते बोटात घालून बघितलं. चष्मा मात्र सापडत नव्हता. शोधून शोधून शेवटी डोक्यावर निघाला. तिने ते कुणाला सांगितलं नाही. विसरणं होतं, ते कुठे गेलं नव्हतं. गुडघ्यासारखंच घरात राहायला आलं होतं. पण रात्री पाय ठणकत असतानाही तिला झोप लागली.

सकाळी जाग आली तशी सवयीने ती डोळे मिटून पडून राहिली. परीक्षेची वेळ. कापडाच्या, असं मनात आलं, आणि तिने ते तिथेच सोडून दिलं. ती ओळ तिची नव्हतीच.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता. सूनबाई काहीतरी गुणगुणत होती. एकदाच ऐकलेलं, चाल तिरकी, शब्द निम्मे घरचे:

"नावाला त्या नाही पत्ता, कुठलं गं बाई गाव..."

तिसरी अंथरुणात हसली. सगळं चुकलं होतं पोरीचं. सूर चुकला, शब्द चुकले, मात्रा सांडल्या. शेवटचा शब्द तेवढा बरोबर होता. तिला नेहमी तेवढाच लागायचा.

तिने एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने खाटेची कड धरली, आणि उठता उठता आतल्या खोलीतून स्वयंपाकघराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली:

*गावाविना आलं त्याला घरामध्ये ठाव...*